कल्याणमित्र केळुसकर गुरुजी



तुम्ही धम्मदीक्षा घेतलीत. घरातला देव्हारा काढला, नवससायास सोडले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि भिंतीवर दोन तसबिरी लावल्या. एक तथागत भगवान बुद्धांची, दुसरी बोधिसत्त्व परमपूज्य बाबासाहेबांची. त्यांच्यापुढे मेणबत्ती लावून तुम्ही मुलाबाळांसह त्रिशरण-पंचशील म्हणता. ही फार चांगली गोष्ट आहे. पण बुद्धाचे चरित्र बाबासाहेबांच्या हाती प्रथम कोणी ठेवले, हे तुम्ही तुमच्या मुलांना सांगितले आहे काय? ते काम कोणा भिक्खूने केले नाही, कोणा राजाने केले नाही. मुंबईच्या एका शाळामास्तराने केले. त्यांचे नाव कृष्णराव अर्जुन केळुसकर. त्यांना दादा केळुसकर असेही म्हणत. आपण त्यांना केळुसकर गुरुजी म्हणू या.

गुरुजींचे नाव आपल्या सभांतून घेतले जाते. त्यांनी भीमरावांना पुस्तक दिले, एवढे सांगून वक्ते पुढे जातात. पण पुस्तक देणे हा त्यांच्या कार्याचा एक भाग झाला. एका गरीब मुलाकडे त्यांचे लक्ष गेले आणि तो मुलगा मोठा होऊन आपल्या विद्येच्या बळावर उभा राहीपर्यंत ते लक्ष त्यांनी काढून घेतले नाही, हे त्यांचे खरे मोठेपण आहे. नव्याने धम्मात आलेल्या प्रत्येक कुटुंबाने त्यांचे चरित्र याच दृष्टीने वाचले पाहिजे.

गुरुजींचा जन्म २० ऑगस्ट १८६० रोजी वेंगुर्ल्याजवळील केळूस या गावी एका मराठा कुटुंबात झाला. पुढे त्यांचे आयुष्य मुंबईत गेले. विल्सन हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते. शिकविणे हा त्यांचा पोटाचा धंदा होता आणि लिहिणे हा त्यांचा ध्यास होता. त्या काळी मराठी ग्रंथलेखन बहुतांशी उच्चवर्णीयांच्या हाती होते. अशा वेळी बहुजन समाजातल्या या शिक्षकाने लेखणी हाती धरली आणि तुकारामांचे, छत्रपती शिवाजी महाराजांचे व भगवान बुद्धांचे चरित्र लिहिले. शिवचरित्राच्या आधारे पुढे १९२१ साली ताकाखाव यांनी इंग्रजी शिवचरित्र सिद्ध केले. बुद्धचरित्र मात्र त्याच्या कितीतरी आधी, १८९८ साली, प्रसिद्ध झाले होते. ज्या महाराष्ट्रातील लेण्यांतून बुद्धाच्या मूर्ती असूनही लोक त्यांना पांडव म्हणून ओळखीत, त्या महाराष्ट्रात सामान्य वाचकाला मराठीतून बुद्ध कळावा म्हणून झालेल्या पहिल्यावहिल्या प्रयत्नांपैकी तो एक होता.

आता तुम्ही त्या मुलाकडे पाहा.

सुभेदार रामजी सकपाळ साताऱ्याहून मुंबईस आले आणि परळ भागातील डबक चाळीत राहू लागले. खोली एकच. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत धूर, भांडीकुंडी आणि माणसे. अभ्यासाला जागा नाही आणि शांतताही नाही. रामजीबाबा स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत. मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवीत आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेवर आपण अंग टाकीत. बापाने मुलासाठी आपली झोप दिली. आपल्या चाळींतून, झोपडपट्ट्यांतून आजही असे बाप आहेत आणि अशा आया आहेत. त्यांना मी मनोभावे वंदन करतो.

पण केवळ आईबापांच्या त्यागाने गरिबाचे मूल वर येते काय? रामजीबाबांजवळ माया होती, शिस्त होती, वाचनाची आवड होती. मात्र कॉलेजचा दरवाजा कसा उघडतो, शिष्यवृत्ती कोणाकडे मागावी, दरबारात शब्द कोणी टाकावा, या गोष्टी निवृत्त सुभेदाराच्या हातातल्या नव्हत्या. श्रीमंताच्या मुलाला या गोष्टी घरीच मिळतात. त्याचा मामा वकील असतो, काका कचेरीत असतो. गरिबाच्या मुलाला बुद्धी असते, पण असा मामा आणि असा काका नसतो. तो त्याला समाजाने द्यावा लागतो.

भीमराव तेव्हा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते. शाळेत अस्पृश्यतेचे चटके बसत होतेच. शाळा सुटली की ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. गुरुजीही त्या बागेत येत असत. बागेत अनेक मुले येत, खेळत आणि निघून जात. हा एक मुलगा रोज पुस्तकात डोके घालून बसलेला असतो, हे गुरुजींनी हेरले. ते आपण होऊन त्याच्याजवळ गेले, त्याची विचारपूस केली. मुलाने आपण अस्पृश्य आहोत हे सांगितले. गुरुजी मागे सरले नाहीत. त्यांनी त्याला वाचनाची दिशा दिली, आपल्याजवळची पुस्तके दिली, त्याच्या वडिलांशी स्नेह जोडला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. मुलगा गुरुजींकडे मदत मागायला गेला नव्हता. गरिबाचे मूल मदत मागत नाही. मागून अपमान होतो हे त्याने लहानपणीच पाहिलेले असते. म्हणून ज्याला मदत करायची आहे त्यानेच उठून त्याच्याजवळ गेले पाहिजे. गुरुजींची पहिली थोरवी ही की ते आपल्या बाकावरून उठले.

भीमरावांनी शाळेची परीक्षा उत्तीर्ण केली तेव्हा समाजबांधवांना त्यांचा सत्कार करावासा वाटला. अस्पृश्य समाजात ही गोष्ट नवलाची होती. परंतु रामजीबाबांना सत्कार मान्य नव्हता. स्तुतीने पोराचे डोके फिरेल अशी त्यांना भीती वाटत होती. मंडळी गुरुजींकडे गेली. गुरुजींनी स्नेही या नात्याने रामजीबाबांची समजूत घातली, तेव्हा सभा झाली. त्या सभेत गुरुजींनी भीमरावांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

हे पुस्तक भीमरावांनी वाचले आणि ते भारावून गेले. घरी रामायण-महाभारताचे वाचन होत असे. ज्या ग्रंथांतून ब्राह्मण-क्षत्रियांचे मोठेपण आणि शूद्रातिशूद्रांची हीनता सांगितली आहे ते ग्रंथ आपल्याला का वाचायला लावता, आणि बुद्धाविषयी काहीच का सांगितले नाही, असा प्रश्न त्यांनी वडिलांना केला. एका पुस्तकाने एका शाळकरी मुलाच्या मनात प्रश्न उभा केला, आणि त्या प्रश्नाचे उत्तर पुढे नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी ऐकले. १९५६ साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ही सारी हकीकत नमूद केली आहे आणि आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना दादा केळुसकरांचे नाव घेतले आहे. जगभर कीर्ती झालेला माणूस आयुष्याच्या शेवटच्या वर्षी आपल्या बाळपणीच्या मास्तरांना विसरला नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. हा आकडा तुम्ही आपल्या मुलांना मुद्दाम सांगा. पुढे ज्याच्या विद्वत्तेपुढे जग नम्र झाले, त्याला मॅट्रिकला निम्मेसुद्धा गुण नव्हते. गुरुजींनी गुणपत्रिका पाहून मुलगा निवडला नव्हता. त्यांनी त्याची चिकाटी पाहिली होती. आपण मात्र नव्वद टक्केवाल्याच्या गळ्यात हार घालतो आणि पन्नास टक्केवाल्याला कोणत्या तरी कामावर चिकटून जा असे सांगून मोकळे होतो. तो पन्नास टक्केवाला रात्री कोठे बसून अभ्यास करीत होता, हे आपण विचारतो काय?

१९०८ साली भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. इंटरची परीक्षा पार पडली आणि घरचे पैसे संपले. रामजीबाबा थकले होते. हजारो मुलांचे शिक्षण नेमके याच वळणावर थांबते, आजही थांबते. येथे गुरुजी पुन्हा पुढे आले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी मुंबईच्या टाउन हॉलमधील सभेत लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी मदत करण्याची इच्छा जाहीर केली होती. गुरुजींनी ती गोष्ट मनात धरून ठेवली. त्यांनी महाराजांना त्या शब्दाची आठवण दिली आणि भीमरावांना त्यांच्या भेटीस घेऊन गेले. महाराजांनी विद्यार्थ्याला प्रश्न विचारले, उत्तरे ऐकून ते संतुष्ट झाले आणि त्यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. कॉलेजातील प्राध्यापक म्युलर यांनीही भीमरावांना पुस्तके आणि कपडे देऊन साह्य केले.

सयाजीरावांचे औदार्य मोठे होतेच. परंतु राजवाड्यातील औदार्य आणि परळच्या चाळीतील गुणी मुलगा यांच्यामध्ये फार मोठे अंतर होते. ते अंतर एका मास्तराने चालून पार केले. आजही सरकारी योजना आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहे आहेत. धर्मांतरित बौद्धांच्या राखीव सवलती महाराष्ट्र राज्यात १९६० सालापासून आणि केंद्रात १९९० च्या कायद्याने मान्य झाल्या आहेत. तरीही कोणता अर्ज केव्हा भरायचा, कोणता दाखला लागतो, हे वेळेवर न कळल्यामुळे मूल दारातून परत येते. योजना आहे आणि मूलही आहे, पण मधले अंतर चालणारा माणूस नाही.

पुढची हकीकत तुम्हाला ठाऊक आहे. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी बडोद्यात नोकरी धरली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबांचे निधन झाले. त्याच वर्षी बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. करारापोटी ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. तेथे एवढ्या मोठ्या विद्वानाला राहायला कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि ते मुंबईस परतले.

तेव्हा गुरुजी साठीच्या जवळ आले होते. बागेत पाहिलेला मुलगा आता एम.ए. होऊन, पीएच.डी.चा प्रबंध लिहून आला होता. आता त्याचे तो पाहून घेईल, असे गुरुजी म्हणू शकले असते. ते तसे म्हणाले नाहीत. त्यांनी बडोद्यातील आपल्या ओळखीच्या एका प्राध्यापकाकडे भीमरावांच्या राहण्याची व्यवस्था केली. भीमराव पुन्हा बडोद्यास गेले. स्टेशनवर उतरताच त्यांच्या हाती चिठ्ठी पडली. घरातील विरोधामुळे त्या प्राध्यापकाने नकार कळविला होता. गुरुजींचा हा प्रयत्न फसला. जातीच्या भिंतीपुढे एका सज्जन माणसाचा शब्द कमी पडला.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगत आहे. मुलाला आधार देणाऱ्याचे सगळेच प्रयत्न यशस्वी होत नाहीत. एक दार लागले की दुसरे ठोठवावे लागते. आणि एक धडा असाही आहे की कधी कधी दार मुलाच्या दोषामुळे लागत नाही, समाजाच्या दोषामुळे लागते. अशा वेळी मुलाच्या पाठीवर हात ठेवून ते त्याला समजावून सांगणारा वडीलधारा माणूस जवळ असावा लागतो. नाही तर मूल स्वतःलाच नालायक समजू लागते. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये भीमराव मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पुढे पुन्हा लंडनला जाऊन त्यांनी अपुरे शिक्षण पुरे केले, बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली परत आले. महाडचे पाणी पेटले, गोलमेज परिषद गाजली, हे सारे गुरुजींच्या हयातीत घडले. १४ ऑक्टोबर १९३४ रोजी गुरुजींचे निधन झाले. पुढे जवळजवळ एक वर्षाने, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी बुद्धाला शरण जाऊन आपल्याला नवा जन्म दिला. तारखेचा हा योगायोगच आहे. आपण शुभ-अशुभ दिवस मानणारे नाही, म्हणून यात दैवी संकेत शोधू नका. मात्र धम्मचक्र प्रवर्तन दिनी घरी बुद्धवंदना कराल तेव्हा मुलांना या मास्तरांचेही नाव अवश्य सांगा.

आता धम्माच्या दृष्टीने या चरित्राचा विचार करू. राजगृहाच्या वेळुवनात तथागत राहत असताना सिगाल नावाचा गृहस्थाचा मुलगा ओल्या वस्त्राने सहा दिशांना नमस्कार करीत होता. तथागतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. आईबाप ही पूर्व दिशा, गुरू ही दक्षिण दिशा. गुरूची शिष्याविषयी पाच कर्तव्येही त्यांनी सांगितली. शिष्याला चांगले वळण लावावे. त्याला विद्येचे नीट आकलन करून द्यावे. कोणतीही कला हातचे राखून न शिकवावी. आपल्या मित्रमंडळीत त्याची शिफारस करावी. आणि सर्व दिशांना त्याचे रक्षण करावे.

गुरुजींचे आयुष्य या पाच कर्तव्यांशी ताडून पाहा. बागेत जवळ बसवून त्यांनी मुलाला वळण लावले. पुस्तके देऊन आकलन वाढविले. स्वतःच्या विद्येचे उत्तम फळ, म्हणजे बुद्धचरित्र, त्याच्या हाती ठेवले. सयाजीरावांकडे त्याची शिफारस केली. आणि तो परक्या गावी बेघर झाला तेव्हा तेथेही त्याच्या निवाऱ्यासाठी धडपड केली. गुरुजींनी धम्मदीक्षा घेतली नव्हती. पण बुद्धाने सांगितलेले आचार्याचे कर्तव्य त्यांनी पाळले. आपण दीक्षा घेतली आहे. मग आपण काय करीत आहोत?

तथागतांनी आनंदाला सांगितले होते की चांगल्या मित्राची सोबत म्हणजे धम्मजीवनाचा अर्धा भाग नव्हे, तर संपूर्ण धम्मजीवन होय. अशा मित्राला धम्मात कल्याणमित्र म्हणतात. बाबासाहेबांना लाभलेला कल्याणमित्र पुढे त्यांनी हजारो मुलांपर्यंत पोहोचविला. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि लवकरच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादेतील महाविद्यालय, ज्याचे नाव पुढे मिलिंद झाले. स्वतःला मिळालेला आधार त्यांनी असा परत केला. आणि म्हणूनच १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांविषयी बोलताना त्यांचे मन भरून आले. शिकून वर गेलेले मागे वळून पाहत नाहीत, हे दुःख त्यांनी उरात घेऊन देह ठेवला.

हे दुःख कमी करणे तुमच्या हातात आहे. जयंतीला आपण गुणवंतांचा सत्कार करतो, वह्या वाटतो, फोटो काढतो. ते जरूर करावे. पण दुसऱ्या दिवशी त्या मुलाची विचारपूस कोण करतो? एका दिवसाचा सत्कार म्हणजे कल्याणमित्रता नव्हे. तुमच्यापैकी कोणी परिचारिका असेल, कोणी वायरमन, कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी वकील, कोणी इंजिनिअर. तुमचा धंदा तुम्हाला आतून ठाऊक आहे. त्यात शिरायचे कसे, पहिल्या वर्षी काय सोसावे लागते, फसवणूक कोठे होते, हे कोणत्याही पुस्तकात नाही. ते तुमच्याजवळ आहे. वस्तीतले एक मूल निवडा. आठवड्यातून एकदा त्याला भेटा. विहारात किंवा आपल्या घरी त्याला अभ्यासाला जागा द्या. त्याच्या आईबापांशी स्नेह जोडा, त्यांना बाजूला सारू नका. आपल्या कामाच्या जागी त्याला एकदा घेऊन जा. दाखले, अर्ज, प्रवेशाच्या तारखा त्याच्या आधी तुम्ही ध्यानात ठेवा. मुलीला मागे ठेवू नका. तिचे शिक्षण थांबविण्यासाठी घरात पहिले कारण नेहमी तयार असते. आणि मुख्य म्हणजे मध्येच सोडू नका. दहावीला सोडलेला हात बारावीला उपयोगी पडत नाही. मूल आपल्या पायावर उभे राहीपर्यंत, दहा वर्षे लागली तर दहा वर्षे, त्याच्याबरोबर राहा.

ज्यांची मुले आज लहान आहेत आणि हलाखी घरात आहे, अशा आईबापांनाही सांगणे आहे. संकोच करू नका. रामजीबाबांनी गुरुजींचा स्नेह स्वीकारला, त्यात त्यांचा कमीपणा झाला नाही. विहारात मुलांना घेऊन या, शिकलेल्या माणसांशी त्यांची ओळख करून द्या. हे भीक मागणे नव्हे. संघाने एकमेकांना आधार देणे आहे.

तुम्ही कदाचित म्हणाल, आमच्याने दुसरा बाबासाहेब कसा घडणार? गुरुजींनाही ठाऊक नव्हते की बाकावरचा तो मुलगा भारताच्या संविधानाचा शिल्पकार होईल. त्यांना एवढेच दिसत होते की एक मुलगा वाचत बसला आहे आणि त्याला सोबतीची गरज आहे. तुमच्या वस्तीतही असे मूल आहे. येत्या रविवारी वंदना आटोपली की उठा आणि त्याच्याजवळ जा.

जयभीम! नमो बुद्धाय!